नारंगी दगडाच्या मागे: कसाऱ्यापासून जव्हारपर्यंत, गाड्यांच्या आवाजाशिवाय

आजचा एपिसोड ज्यांना ऐकायला वेळ नाही, किंवा ज्यांना ट्रेनमध्ये रेंज मिळत नाही, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा लिखित मजकूर. बोललोय तसाच ठेवलाय, फक्त माझे 'अं' आणि 'म्हणजे ना' काढलेत. सगळे नाही निघाले, सांभाळून घ्या.

बऱ्याच जणांचा मेसेज होता की, "दादा, तू सायकलचे फोटो टाकतोस, त्यात मागे एकही गाडी नसते. हे रस्ते आहेत कुठे?" तर आज तेच. मुंबईच्या उपनगरात राहून, सोमवारी लॅपटॉप उघडायचाच आहे हे धरून, शनिवार-रविवारात सह्याद्रीत शांतपणे सायकल कुठे चालवता येते. तीन रूट सांगतो. त्यातला एक नीट सविस्तर, कारण त्या रूटवर माझ्याकडून एक चूक झाली आणि ती सांगितल्याशिवाय रूट सांगणं मला बरोबर वाटत नाही.

आधी थोडी पार्श्वभूमी. मी मुलुंडचा. बीटेक केलं, आता सॉफ्टवेअरमध्ये आहे. दिवसभर खुर्ची. २०२१ मध्ये सायकल घेतली, आणि तेव्हा माझ्यासाठी सायकलिंग म्हणजे एकच, नाशिक हायवे. गुळगुळीत रस्ता, सरळ रेष, ॲव्हरेज स्पीड मस्त येतो, स्ट्राव्हावर टाकलं की लोक टाळ्या देतात. नोव्हेंबर २०२२ मध्ये पडघ्याच्या जवळ एक मोठा ट्रक इतक्या जवळून गेला की त्याला माझा स्पर्शही झाला नाही, पण त्याच्या हवेच्या झोताने मी रस्त्याच्या कडेला फेकलो गेलो. कॉलरबोन मोडलं. मोबाईल फुटला. आईला फोन एका टपरीवाल्या काकांनी केला, त्यांच्या फोनवरून.

आठ महिने सायकल गॅलरीत उभी होती. आई त्यावर टॉवेल वाळत घालायची. मी काही बोललो नाही, कारण मलाच भीती वाटत होती. खांद्याचं दुखणं दोन महिन्यांत गेलं, पण मागून मोठ्या गाडीचा आवाज आला की पोटात गोळा यायचा. हे रिक्षात बसलो असतानाही व्हायचं.

माझा कॉलेजचा पार्टनर, तो घाटकोपरचा, तो मला म्हणाला, "तुला सायकल सोडायची नाहीये, तुला हायवे सोडायचाय. दोन्ही वेगळं आहे." एवढंच. तिथून शांत रस्ते शोधायचं सुरू झालं.

शांत रस्ता ओळखायचा कसा?

इंजिनिअर असल्यामुळे मी आधी डेटाच्या मागे लागलो. हीटमॅप बघितले, सॅटेलाइट फोटो बघितले. पण सगळ्यात उपयोगी गोष्ट रस्त्यावरच असते आणि आपण लहानपणापासून एसटीच्या खिडकीतून ती बघत आलोय. मैलाचा दगड.

दगडाचा वरचा भाग पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग. हिरवा असेल तर राज्य महामार्ग. काळा किंवा निळा असेल तर जिल्ह्याचा किंवा शहराचा रस्ता. आणि नारंगी असेल तर गावाचा रस्ता. हे नारंगी दगड बहुतेक प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेतले. ही योजना २००० साली सुरू झाली, आणि तिच्यामुळे सह्याद्रीत अशा अशा पाड्यांपर्यंत डांबर पोचलंय जिथे दिवसाला दोन एसट्या आणि चार-पाच मोटरसायकली एवढंच ट्रॅफिक असतं. माझा साधा नियम: पिवळा दगड फक्त ओलांडायचा. हिरवा चालेल, पण सकाळी लवकर. काळा चांगला. नारंगी दिसला की कान मोकळे, पण डोळे रस्त्यावर, कारण खड्डा आणि खडी कधी येईल सांगता येत नाही.

दुसरी गोष्ट, रस्ता कुठून कुठे जातो हे बघा. जो रस्ता दोन मोठ्या गावांना जोडणारा सर्वांत जवळचा रस्ता आहे, तिथे ट्रक असणारच. जो रस्ता उगाच वळसा घालून जातो, धरणाला फेरी मारतो, डोंगर चढून पुन्हा त्याच नदीवर उतरतो, तो घाईच्या माणसाच्या कामाचा नाही. म्हणून तो आपल्या कामाचा.

तिसरी, दगडाची खाण, क्रशर, वीटभट्टी, रिसॉर्ट. यातलं काही सॅटेलाइट फोटोत दिसलं तर समजा की डंपर किंवा रविवारच्या गाड्या आल्याच.

पहिला रूट: कसारा – विहीगाव – खोडाळा – जव्हार

आता मुख्य रूट. मला हा फार आवडतो, कारण यात मध्य रेल्वेने जायचं आणि पश्चिम रेल्वेने परत यायचं. मुलुंड-घाटकोपरवाले आणि अंधेरी-बोरिवलीवाले दोघांनाही न्याय!

पहाटे घरातून ठाणे स्टेशनपर्यंत सायकलने, तिथून कसारा लोकल. सायकलची दोन्ही चाकं काढून मोठ्या बॅगेत भरायची आणि लगेजच्या डब्यात चढायचं. लगेजचं तिकीट काढा. रविवारी किंवा शनिवारी पहाटेच करा. गर्दीच्या वेळी डब्यात सायकल घुसवलीत तर भाजीवाले काका जे काही बोलतील ते तुम्ही कमावलेलं असेल. साधारण दीड तासात कसारा.

कसाऱ्याला स्टेशनबाहेर चहा-वडापाव, सायकल जोडा, हवा बघा. मग थोडा वेळ हायवे सहन करायचा आहे. नाशिककडे तोंड करून थोडं वर गेलं की मुख्य घाट सुरू व्हायच्या आधीच डावीकडे जव्हारचा फाटा येतो. हायवे घाटात वर निघून जातो, आपण डावीकडे वळतो, आणि खरं सांगतो, पाच मिनिटांत आवाज बदलतो. ट्रकचा आवाज मागे राहतो आणि स्वतःच्या चेनचा आवाज यायला लागतो. तेल घातलं नसेल तर तेही कळतं.

दहा-बारा किलोमीटरवर विहीगाव. इथला धबधबा प्रसिद्ध आहे. २००१ च्या 'अशोका' सिनेमाचं शूटिंग तिथे झालं म्हणून लोक त्याला अशोका धबधबाच म्हणतात. पावसाळ्यातल्या रविवारी इथे इतक्या गाड्या असतात की शांत वगैरे विसरा. पावसाळ्यात यायचं तर मधल्या वारी या, नाहीतर पहाटेच पुढे निघून जा.

विहीगावच्या पुढे वैतरणेवरचा उंच पूल येतो. सायकल थांबवाच. खाली दोन्ही बाजूंना डोंगरात शिरलेलं धरणाचं पाणी. या पाण्याबद्दल पुढे बोलतो. पूल संपला की चढ. पुढे खोडाळा. कसाऱ्यापासून हे अंतर पंचवीसेक किलोमीटर, पण नवख्या माणसाला तीन तास लागू शकतात आणि त्यात लाज वाटायचं काही कारण नाही. खोडाळ्याच्या जवळ देवबांधचा गणपती आहे, तिथे सावलीत टेकता येतं. ज्यांच्या पायात दम उरला असेल त्यांनी सूर्यमाळच्या बाजूला वर जाऊन यावं.

खोडाळ्यापासून मोखाडा, आणि मोखाड्यापासून जव्हार. सगळं मिळून साठ-पासष्ट किलोमीटर. माझ्या घड्याळात चढाई हजार मीटरच्या आसपास आली होती. एकच मोठा घाट असं नाही, सतत वर-खाली, वर-खाली. ऑफिसमधल्या सोमवारसारखं, संपला असं वाटतं आणि अजून एक येतो.

जव्हारला मुक्काम. समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास उंचीवरचं गाव, मुकणे घराण्याच्या संस्थानाची ही राजधानी. हे महादेव कोळी समाजाचं आदिवासी संस्थान होतं, १९४८ मध्ये विलीन झालं. जयविलास राजवाडा बघा, शिरपामाळावर संध्याकाळी जा. १६६४ च्या सुरतेच्या स्वारीला जाताना शिवाजी महाराज तिथे थांबले होते, अशी आठवण जव्हारकर सांगतात. दुसऱ्या दिवशी सकाळी विक्रमगड, मनोर, पालघर. सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर, बहुतेक उतार. मनोरला पिवळा दगड ओलांडायचा आहे, उतरून, चालत, हिरोगिरी नको. पालघरहून लोकल पकडली की बोरिवली, अंधेरी.

आता माझी चूक

एप्रिल २०२४. मी आणि पार्टनर. उन्हाळ्यात हा रूट करणं हीच पहिली चूक, पण लाँग वीकेंड होता आणि आम्हाला मस्ती होती. सकाळी मस्त चाललं होतं. मोहाच्या झाडाखाली बायका फुलं वेचत होत्या, सगळ्या रस्त्याला तो गोडसर वास. मग माझ्यातला इंजिनिअर जागा झाला. मोबाईलवरच्या नकाशात मुख्य रस्त्याच्या खालच्या बाजूने एक बारीक रेघ दिसत होती, धरणाच्या काठाने जाणारी. मी म्हटलं, हा तर याहून शांत, चल.

चार किलोमीटर उतरलो. रस्ता आधी डांबरी, मग खडीचा, मग मातीचा, आणि मग... पाणी. म्हणजे रस्ता सरळ पाण्यात गेला. नकाशात ती रेघ पलीकडच्या काठाला जाऊन पुन्हा वर येत होती. नकाशासाठी रस्ता अजून होता. फक्त त्याच्यावर धरण आलं होतं.

अकरा वाजले होते. तेच चार किलोमीटर वर चढायचे, सायकल ढकलत. डोक्यावर ऊन, खाली काळा कातळ तापलेला. वर मुख्य रस्त्याला लागेपर्यंत आमच्या चारही बाटल्या संपल्या. पार्टनरला मळमळायला लागलं होतं. फोनला रेंज नाही.

थोडं पुढे रस्त्याला लागून एक पाडा होता. पहिल्या घराच्या ओटीवर एक मावशी नाचणी पाखडत होत्या. म्हटलं, "मावशी, पाणी मिळेल का?" त्या काही न बोलता आत गेल्या, तांब्या घेऊन आल्या. आम्ही दोघांनी पिऊन टाकला. मग आम्ही बाटल्या पुढे केल्या. त्यांनी एकदा बाटल्यांकडे बघितलं, आत जाऊन हंडाच उचलून आणला आणि चारही बाटल्या भरून दिल्या. पाऊण लिटरच्या चार, म्हणजे तीन लिटर.

आणि मी काय केलं? एका बाटलीचं झाकण उघडलं आणि डोक्यावर ओतली. सवयच आहे ती. रेसचे व्हिडिओ बघून लागलेली. पाणी मानेवरून, जर्सीवरून खाली, ओटीसमोरच्या मातीत. मी वर म्हटलं, "आहाहा!"

वर बघितलं तर मावशी त्या ओल्या मातीकडे बघत होत्या. रागाने नाही. नुसतं बघत होत्या. आत त्यांची मुलगी उभी होती, सातवी-आठवीतली असेल. ती म्हणाली, "पहाटे गेलेली आई. विहिरीत एक हंडा भरायला किती वेळ बसावं लागतं."

मावशी तिला म्हणाल्या, "गप गं. तहानलेली पोरं आहेत." आणि मला म्हणाल्या, "अजून देऊ का?"

मला काय बोलावं सुचलं नाही. सॉरी म्हणालो, आणि ते म्हणताना मला कळलं की त्या अंगणात 'सॉरी' हा किती फालतू शब्द आहे. पार्टनरने पैसे काढले, तर त्या म्हणाल्या, पाण्याचे कोण पैसे घेतं. आमच्याकडे चिक्की आणि खजूर होते, ते मुलीला दिले. तिने घेतले. आम्ही निघालो. जव्हारपर्यंत आम्ही दोघं काही बोललो नाही.

ते पाणी कोणाचं?

आता इथे थोडा हिशोब. रात्री जव्हारच्या लॉजवर मी तो सगळा भाग पुन्हा नकाशावर बघितला. आम्ही ज्या पाण्यापाशी अडकलो ते मध्य वैतरणा धरणाचं पाणी. हे धरण २०१४ मध्ये पूर्ण झालं, उंची १०२ मीटर. मुंबई महापालिकेने बांधलेलं, मुंबईसाठी. त्याच नदीवर खाली मोडक सागर, तो १९५७ चा, पालिकेचे इंजिनिअर ना. वि. मोडक यांच्या नावाचा. वरच्या अंगाला ऊर्ध्व वैतरणा. बाजूच्या शहापूर तालुक्यात तानसा, ते तर १८९२ चं, आणि भातसा. आपले सात तलाव आपण शाळेत पाठ केलेत. त्यातले विहार आणि तुळशी हे दोन छोटे तेवढे मुंबईत. बाकी पाच इथे. मुंबईला रोज जवळपास ३८५ कोटी लिटर पाणी मिळतं, त्यातलं जवळजवळ सगळं या डोंगरांमधून. एकट्या मध्य वैतरणेचा वाटा रोजचा साडेपंचेचाळीस कोटी लिटरचा.

आणि हे पाणी येतं कुठे? भांडुपला. भांडुप कॉम्प्लेक्समध्ये शुद्ध होतं. माझ्या घरापासून सायकलने पंधरा मिनिटं. मुलुंडमध्ये ज्या तानसा पाइपलाइनच्या बाजूने मी लहानपणी क्रिकेट खेळलो, जिच्या कडेने पालिकेने ३९ किलोमीटरचा सायकल ट्रॅक जाहीर केला होता, ती लाइन याच डोंगरांकडून येते. म्हणजे मी ज्या शांत रस्त्याच्या शोधात तिथे गेलो, तो माझ्या घरच्या नळाच्या उलट्या दिशेने गेलेला रस्ता होता. आणि हे मला अठ्ठावीस वर्षांत कधी सुचलं नव्हतं.

तुम्ही म्हणाल, मोखाडा-जव्हारमध्ये तर पाऊस प्रचंड. बरोबर आहे. अडीच-तीन हजार मिलिमीटर. मुंबईपेक्षा कमी नाहीच. पण तो काळा कातळ आहे, उतार आहे, पाणी मुरत नाही, धावत जाऊन नदीत आणि नदीतून धरणात. धरण दरीत, पाडा डोंगरावर. मार्चपासून विहिरी तळाला जातात आणि बायका डोक्यावर हंडे घेऊन चालतात, नाहीतर टँकरची वाट बघतात. खाली दिसतंय पाणी, पण वर आणायला पंप हवा, लाइन हवी, वीज हवी. काही गावांत योजना झाल्यात, काही ठिकाणी नळ आलाय आणि पाणी यायचंय.

मी सोल्यूशन सांगणार नाहीये. ते माझं क्षेत्र नाही, आणि एका वीकेंडला सायकलवरून गेलेल्या मुंबईच्या मुलाने ते सांगू नये. फक्त रविवारी रात्री घरी आलो, बाथरूममध्ये गेलो, फ्लश दाबला. एका वेळी सहा ते दहा लिटर. मावशींनी आम्हाला दिलेल्या पाण्याच्या दुप्पट-तिप्पट. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला आमच्या बिल्डिंगची टाकी ओव्हरफ्लो झाली. रोज होते. तो आवाज मी इतकी वर्षं अलार्मसारखा ऐकत आलो होतो, उठायची वेळ झाली म्हणून. त्या दिवशी खाली गेलो आणि वॉचमन काकांबरोबर बसून बघितलं. फ्लोट व्हॉल्व्ह खराब होता. साडेतीनशे रुपयांचं काम. सोसायटीच्या मीटिंगमध्ये तीन वर्षं तो विषय पुढे ढकलला जात होता. आम्ही ते करून घेतलं. एवढंच. यात मोठं काही नाही, आणि त्याने मोखाड्याला एक थेंबही जात नाही, हे मला माहीत आहे.

जानेवारी २०२५ मध्ये मी पुन्हा त्या रूटवर गेलो. मला मावशींना भेटायचं होतं. काय बोलणार होतो ते ठरलं नव्हतं. घराला कुलूप. शेजारच्या आजोबांनी सांगितलं, सगळे भिवंडीकडे वीटभट्टीवर गेलेत, आता पावसाच्या तोंडावर येतील. मी म्हटलं, पण गेल्या एप्रिलमध्ये तर त्या इथे होत्या. ते म्हणाले, "तवा सासू आजारी होती ना, म्हणून थांबलेली. म्हातारी गेली." मुलगी? "ती पण गेली संगती. लहान भावाला कोण बघणार?"

दिवाळीनंतर या भागातली कितीतरी कुटुंबं अशी कामाला खाली उतरतात. भिवंडी, वसई, कल्याण. म्हणजे ज्या हायवेच्या आसपास मी पडलो होतो, त्याच बाजूला. मी ज्या रस्त्याला घाबरून पळालो, तिथे त्या पोट भरायला गेल्या होत्या. आजोबांनी विचारलं, पाणी देऊ का. मी म्हटलं, आहे माझ्याकडे.

दुसरा आणि तिसरा रूट

बरं, उरलेले दोन. दुसरा, भंडारदऱ्याची फेरी. सायकल गाडीवर टाकून घोटीमार्गे शेंडीपर्यंत या. वाटेत बारी गाव, कळसूबाईच्या पायथ्याचं, १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर. शेंडीपासून प्रवरेवरच्या धरणाच्या जलाशयाला वळसा: रतनवाडी, साम्रद, घाटघर आणि परत शेंडी. चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. हे विल्सन धरण १९२६ चं. रतनवाडीला अमृतेश्वराचं जुनं मंदिर आहे, तिथे अर्धा तास द्याच. घाटघरला कड्यावरून कोकण दिसतं. हे सगळं अभयारण्याच्या हद्दीत येतं, वन खात्याच्या नाक्यावर पैसे भरून पावती घ्या. एक सूचना, मेच्या शेवटी आणि जूनच्या सुरुवातीला काजवे बघायला रात्री-रात्री गाड्यांच्या रांगा लागतात. त्या दिवसांत जाऊ नका. तुमच्यासाठीही आणि काजव्यांसाठीही. ऑक्टोबर-नोव्हेंबर बेस्ट.

तिसरा, नवख्यांसाठी. बदलापूर – बारवी धरण – मुरबाड. बदलापूरपर्यंत लोकल, तिथून झाडीतून, धरणाच्या बाजूने. एका सकाळीत होतो. वाटलं तर मुरबाडहून म्हसाच्या रस्त्याने गोल फिरून परत बदलापूर. पौष पौर्णिमेला म्हसाची मोठी यात्रा असते, तेव्हा रस्ता बैलांचा असतो, सायकलचा नाही.

आणि ज्यांना अजून तेवढाही कॉन्फिडन्स नाही त्यांनी बोरिवलीच्या नॅशनल पार्कात कान्हेरीपर्यंतचा चढ महिनाभर करा. ठाणे-मुलुंडवाल्यांनी येऊर करा. पाय तिथेच तयार होतात.

थोडं कामाचं

सायकल महागडी लागत नाही. हलका गिअर लागतो. मागचं सर्वांत मोठं चक्र ३२ किंवा ३४ दातांचं असेल तर घाटात गुडघे वाचतात. टायर २८ किंवा ३२ मिलिमीटरचे, नारंगी दगडाच्या रस्त्याला बारीक टायर टिकत नाहीत. दोन ट्यूब, पंक्चर किट, पंप, चेनची एक जोडकडी. उतारावर ब्रेक सतत दाबून धरू नका, रिम तापते, ट्यूब फुटू शकते. दाबा, सोडा, दाबा, सोडा. पावसाळ्यात वळणांवर शेवाळ असतं आणि दरडीही येतात, त्यामुळे जोराच्या पावसात घाट नको. नकाशा ऑफलाइन ठेवा, पण त्याच्यावर विश्वास माझ्याएवढा ठेवू नका. गावातल्या माणसाला विचारा, "हा रस्ता पुढे जातो का?" मी तो प्रश्न विचारला असता तर हा एपिसोड अर्धाच झाला असता.

आणि पाणी. मार्च ते जूनमध्ये या भागात गेलात तर प्रत्येकी तीन लिटर घरून घ्या. संपलं तर बाजारपेठेच्या गावात विकत घ्या: खोडाळा, मोखाडा, जव्हार. घरी मागायची वेळ आली तर प्यायला मागा, बाटल्या भरायला नाही. तो फरक मला आता कळतो. चहा-नाश्ता घरून पॅक करून नेऊ नका, तिथल्या टपरीवर खा, चार पैसे तिथे राहू द्या. प्लॅस्टिक परत आणा. मुलांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका.

मग सांगावं की नाही?

शेवटचं. हा एपिसोड करायचा की नाही यावर माझं आणि पार्टनरचं भांडण झालं. तो म्हणाला, "तू सांगशील, लोक जातील, दोन वर्षांत तिथे रिसॉर्ट येतील. विहीगावचं काय झालं बघितलंस ना?" त्याचं म्हणणं चुकीचं नाही. शांत रस्ता सांगितला की तो शांत राहत नाही.

पण मी असा विचार केला की तो रस्ता 'शांत' आहे तो माझ्या बाजूने. तिथे राहणाऱ्या माणसासाठी तो बस न येणारा रस्ता आहे, डॉक्टर लांब असलेला रस्ता आहे. ती शांतता मी लपवून ठेवण्याइतकी माझी नाही. म्हणून सांगितलं. फक्त जीपीएक्स फाइल देत नाहीये, बरेच जण मागतील म्हणून आधीच सांगतो. दगड बघत जा, विचारत जा. दोनदा चुकाल. चुकलात तर कोणाच्या तरी अंगणात जाल, तेव्हा बाटलीचं झाकण नीट लावलेलं असू द्या.

येत्या पावसाच्या तोंडावर, भट्ट्या बंद झाल्या की मी परत जाणार आहे. या वेळी त्या घरी असतील. बोलायचं काय ते अजून ठरलेलं नाही. ठरलं आणि भेट झाली, तर सांगेन.

तोपर्यंत टायरमध्ये हवा ठेवा, मागचा लाल दिवा चालू ठेवा, आणि तुमच्या बिल्डिंगची टाकी किती वाजता ओव्हरफ्लो होते ते मला मेसेज करून कळवा. खरंच कळवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!